नोकरीसाठी दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवावे का?

निळी_शाई (प्रश्न)

नमस्कार. मी एका औषधनिर्मिती कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. दुसऱ्या शहरातील एका कंपनीने मला विभागप्रमुखाचे पद देऊ केले असून पगार सध्याच्या दीडपट आहे. सध्याच्या ठिकाणी हे पद माझ्या वाट्याला नजीकच्या काळात येईल असे दिसत नाही, कारण माझ्या वरच्या जागेवरील व्यक्तीची निवृत्ती अजून बरीच लांब आहे. नवे शहर रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर असल्यामुळे इथे राहून तिथे काम करण्याचा पर्याय नाही, आणि त्या कामात प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हजर राहणे आवश्यक असल्यामुळे घरून काम करण्याची सोयही मागता येत नाही.

घरात आम्ही चौघे आहोत. नवरा शिक्षक आहे आणि त्याची नोकरी कायम स्वरूपाची आहे. मुलगी 12 वर्षांची असून स्वभावाने अबोल आहे. तिच्या मोजक्याच मैत्रिणी आहेत, पण त्या अगदी जिवाभावाच्या आहेत. माझे वडील आमच्याजवळ राहतात. त्यांना हृदयविकार आहे, तब्येत सध्या स्थिर आहे आणि त्यांचे डॉक्टर त्यांना वर्षानुवर्षे ओळखतात. घर आमचे स्वतःचे असले तरी कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

नवरा म्हणतो, ‘तू जे ठरवशील त्याला माझी ना नाही.’ हे ऐकून आधार वाटतो, पण त्याच वेळी सगळा निर्णय एकट्या माझ्या अंगावर आल्यासारखेही वाटते. रात्री वाटते की ही संधी सोडली तर पुन्हा येणार नाही. सकाळी मुलगी शाळेला निघाली की वाटते, कशासाठी ही सगळी घडी विस्कटायची? उत्तर कळवण्यासाठी मला पंधरवड्याची मुदत मिळाली आहे. ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ एवढेच सांगण्यापेक्षा हा विचार कोणत्या क्रमाने करावा, कोणते प्रश्न कोणाला विचारावेत आणि कोणती बाब निर्णायक मानावी, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर फार उपकार होतील.

जमाखर्च

आपण पगाराचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात केला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दीडपट हा आकडा एका माणसाचा आहे आणि बिऱ्हाड चौघांचे आहे, त्यामुळे तुलना घराच्या एकूण उत्पन्नाची केली पाहिजे. आपला आजचा पगार 100 धरला आणि आपल्या पतीचा 70 धरला, तर आज घरात 170 येतात. स्थलांतरानंतर आपले 150 होतील, पण पतीला तिथे नोकरी मिळेपर्यंत घराचे उत्पन्नही 150 च राहील. म्हणजे पगार दीडपट होऊनही घर सुरुवातीला 20 ने मागे जाते. त्यात तिथल्या घराचे भाडे मिळवा, कारण इथले हप्ते थांबणार नाहीत. इथले घर भाड्याने दिले तरी ते वर्षातील काही काळ रिकामे राहू शकते आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च आपल्याकडेच राहतो. हा सगळा जादा खर्च वजावट करून 15 धरला, तर पतीला तिथे किमान 35 मिळाले तरच आपण आज आहात तिथे पोहोचता. माझे आकडे काल्पनिक आहेत; आपले खरे आकडे घालून हीच आकडेमोड कर वजा जाता हातात येणाऱ्या रकमेवर करा, कारण बहुतेक करपद्धतींमध्ये वाढीव उत्पन्नावर चढ्या दराने कर लागतो आणि दीडपट पगार हातात पडताना दीडपट राहत नाही.

त्यानंतर एकदाच होणारे खर्च येतात. सामानाची वाहतूक, घराची अनामत रक्कम, दलाली, शाळेचा प्रवेश, आणि काही आठवडे दोन ठिकाणी राहण्याचा खर्च हे सगळे त्यात मोडते. हा खर्च आपण तिथे किती वर्षे राहणार यावर विभागला जातो, आणि ही बाब बहुतेक लोक हिशेबात धरत नाहीत. दोन वर्षांत परतायचे असेल तर जो खर्च जड वाटेल, तोच आठ वर्षे राहणाऱ्याला किरकोळ वाटेल. लॅरी स्जास्टॅड या अर्थतज्ज्ञाने 1962 साली स्थलांतराकडे गुंतवणूक म्हणून पाहावे अशी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे: खर्च आज होतो, परतावा पुढे अनेक वर्षे मिळत राहतो, आणि म्हणूनच पुढे अधिक वर्षे असलेले तरुण लोक अधिक प्रमाणात स्थलांतर करतात. परिचित माणसे आणि परिसर सोडण्याचे दुःख हाही त्यांनी खर्चच मानला होता, हे मुद्दाम नोंदवतो, कारण हिशेब मांडणाऱ्यांना मन नसते असा एक समज आहे.

कंपनीला विचारायचे प्रश्न असे. दीडपट पगारात निश्चित रक्कम किती आणि कामगिरीवर किंवा कंपनीच्या नफ्यावर अवलंबून असलेली रक्कम किती? स्थलांतराचा खर्च कंपनी देणार असेल तर तो पावत्यांवर देणार की ठोक रकमेने, आणि त्यावर कर कोण भरणार? ठरावीक मुदतीच्या आत आपण नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो का, आणि कंपनीनेच आपल्याला कमी केले तरीही तीच अट लागू होते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या.

पतीच्या बाजूने आणखी एक बाब पाहावी लागेल. कायम नोकरीत निवृत्तीचे अनेक लाभ सेवेच्या एकूण वर्षांवर अवलंबून असतात. ती सेवा आज खंडित झाली तर पुढे काय गमवावे लागेल, हे त्यांच्या कार्यालयातून लेखी स्वरूपात काढून घ्या. मासिक पगाराच्या तुलनेत ही रक्कम दिसत नाही, पण ती मोठी असते.

सहप्रवासी

पत्नीच्या नोकरीसाठी माझी नोकरी सोडून तिच्याबरोबर दुसऱ्या शहरात गेलेला मी माणूस आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना माझे लक्ष तुमच्या पतीच्या एका वाक्यावरच थांबले. ‘माझी ना नाही’ ही संमती आहे, पण ते त्यांचे मत नव्हे. त्यांनी हे प्रेमाने आणि तुमच्या वाटेत यायचे नाही या भावनेने म्हटले असणार, याविषयी मला शंका नाही. तरीही या वाक्याने निर्णयाचा सगळा भार तुमच्यावर येतो आणि परिणामांचा मोठा वाटा त्यांच्यावर जातो, आणि ही विभागणी पुढे दोघांनाही जड जाते.

जेकब मिन्सर यांनी 1978 मध्ये कुटुंबाच्या स्थलांतराविषयी जे लिहिले, ते मला स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहता आले. त्यांचे म्हणणे असे की कुटुंब एकत्र हलते तेव्हा एकूण कुटुंबाचा लाभ होत असला तरी त्यातील एखाद्या व्यक्तीचा तोटा होत असू शकतो. ती व्यक्ती एकटी असती तर तिने ते गाव सोडले नसते, पण कुटुंबाबरोबर ती बांधली गेलेली असते. उलट प्रकारही असतो, आणि तो आपण सहज विसरतो. एकटी असती तर नक्की गेली असती अशी व्यक्ती कुटुंबासाठी थांबते आणि तिचाही तोटा होतो. तुमच्या घरात गेलात तर पती पहिल्या जागी असतील आणि थांबलात तर तुम्ही दुसऱ्या जागी असाल. म्हणजे तोटा कोणाचाच होणार नाही असा पर्याय तुमच्यापुढे नाही. तोटा कोणी, किती आणि किती काळ सोसायचा, आणि त्याची भरपाई घर कशी करणार, हे ठरवणे माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे काम आहे. बहुतेक घरांत बायकोच नवऱ्यामागे गेली आणि तिचे उत्पन्न व बढती मागे पडली, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. तुमच्या घरात हा प्रवाह उलटा आहे याचे मला मनापासून कौतुक वाटते, पण दिशा बदलली म्हणून मागे जाणाऱ्याचा प्रश्न नाहीसा होत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की तुम्ही दोघांनी एकमेकांना न दाखवता, वेगवेगळ्या कागदांवर, तिथल्या एका साध्या कामाच्या दिवसाचे वर्णन लिहावे. सकाळी कोण किती वाजता निघेल, दुपारी वडिलांजवळ कोण असेल, मुलगी घरी येईल तेव्हा दार कोण उघडेल, आणि संध्याकाळी पती कोणाशी बोलतील हे सगळे त्यात यावे. या शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. नव्या शहरात ज्याला नोकरी असते त्याला पहिल्याच आठवड्यात सहकारी मिळतात, काम मिळते, ओळख मिळते. मागून आलेल्या माणसाला यातले काहीच आपोआप मिळत नाही. त्याला दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येक ओळख स्वतः उभी करावी लागते, आणि कोणी ‘आपण काय करता?’ असे विचारले की उत्तर देताना घसा कोरडा पडतो. मी हे सोसले आणि आज आम्ही दोघेही समाधानी आहोत, परंतु तो काळ आमच्या घराने एकत्र ओळखला होता म्हणून तो निभावला.

दुसरी सूचना त्यांच्या नोकरीविषयी आहे. राजीनाम्याचा विचार करण्यापूर्वी त्यांनी आपल्या संस्थेकडे दीर्घ मुदतीची बिनपगारी रजा मिळते का, मिळाल्यास ज्येष्ठता टिकते का, आणि तिथे बदली किंवा प्रतिनियुक्तीची काही तरतूद आहे का, याची चौकशी करावी. अशी रजा मिळाली तर तुमचा निर्णय पूर्णपणे बदलतो, कारण परतीची वाट उघडी राहते. वर्षभराने ‘जमत नाही’ असे म्हणण्याचा हक्क त्यांना खरोखर हवा असेल, तर तो शब्दात असून भागत नाही. त्यांच्या हातात परत येण्याजोगी जागा असावी लागते.

काही जण तुम्हाला सुचवतील की तुम्ही एकट्या जा आणि बाकीचे इथे राहू देत. हा पर्याय वाईटच आहे असे नाही. शाळेचे वर्ष संपेपर्यंत किंवा रजेचा निर्णय होईपर्यंत, म्हणजे शेवटची तारीख माहीत असताना, तो चांगला चालतो. मुदत न ठरवता सुरू केलेली दोन घरे मात्र वर्षानुवर्षे तशीच चालू राहतात, असे मी जवळच्या लोकांत पाहिले आहे.

आणि तिथे घर निवडताना एक गोष्ट सांभाळा. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुटझर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील दीर्घकाळ चाललेल्या कुटुंब-सर्वेक्षणाच्या आधारे 2008 मध्ये असे दाखवले की कामावर जाण्या-येण्यात अधिक वेळ घालवणाऱ्या लोकांचे जीवनातील समाधान कमी असते. लांबच्या प्रवासाची भरपाई चांगला पगार किंवा मोठे घर यांतून होत असेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती पुरेशी होत नाही. तेव्हा मोठ्या घरासाठी दूर जाऊ नका. घर तुमच्या कार्यालयाजवळ घ्यावे असे सगळे गृहीत धरतात, पण नोकरी निवडणाऱ्यालाच सर्वांत जवळचा प्रवास मिळावा असा काही नियम नाही. ज्यांनी निवड केलेली नाही त्यांच्या, म्हणजे मुलीच्या शाळेच्या आणि वडिलांच्या रुग्णालयाच्या सोयीने घर पाहा.

एक_वाचक

मुलीची फार काळजी करू नका, मुले पटकन रुळतात. शिवाय 13 वर्षांच्या आत स्थलांतर झाले तर मुलांना पुढे फायदाच होतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या संशोधनात आढळले आहे. तुमची मुलगी 12 वर्षांची आहे, म्हणजे वेळ अजून हातात आहे.

वर्गशिक्षिका

वरील प्रतिसादातील संशोधन खरे आहे, पण त्याचा इथे लावलेला अर्थ बरोबर नाही, आणि एका मुलीच्या बाबतीत निर्णय होत असल्यामुळे तो दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते. राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांचा तो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. 1990 च्या दशकात अमेरिकेतील 5 शहरांत अतिशय गरीब वस्त्यांमधील कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी सोडतीने साहाय्य देण्यात आले होते, आणि त्या कुटुंबांतील मुले मोठी झाल्यावर त्यांचे उत्पन्न तपासण्यात आले. ज्या मुलांचे वय स्थलांतराच्या वेळी 13 पेक्षा कमी होते, त्यांना लाभ झाला. त्याहून मोठ्या मुलांना तो झाला नाही, उलट थोडे नुकसान झाल्याचे दिसले. परंतु ती मुले बिकट परिस्थितीतून बऱ्या परिस्थितीत गेली होती. प्रश्नकर्त्या ताईंची मुलगी आज चांगल्या शाळेत, जिवाभावाच्या मैत्रिणींमध्ये आहे. तिला तसा लाभ होईल असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही, आणि तेराव्या वर्षाची मुदत पाळण्यासाठी घाई करावी असे तर मुळीच नाही.

त्या अभ्यासातून घेण्यासारखे एवढेच आहे की वाढत्या वयात स्थलांतराचा विस्कळीतपणा मुलांना अधिक जाणवतो. माझ्या वर्गात येणाऱ्या नव्या मुलांकडे पाहूनही मला तेच दिसते. लहान मुले मधल्या सुट्टीत खेळता खेळता मैत्री करतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलींचे गट आधीच जमलेले असतात आणि त्यात शिरण्यासाठी बोलावे लागते. अबोल मुलीला हे अवघड जाते. तिला ते जमणार नाही असे मी म्हणत नाही. तिला वेळ अधिक लागेल आणि तोपर्यंत तिच्याजवळ घरातले कोणीतरी निवांत असले पाहिजे. नव्या पदाच्या पहिल्या वर्षात तो निवांतपणा आपल्यापाशी असणार नाही, हे उघड आहे. तेव्हा तो कोणापाशी असेल ते आधी ठरवा.

शक्य असेल तर शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला तिला नव्या शाळेत घाला, कारण त्या दिवशी वर्गात आणखीही काही मुले नवी असतात. वर्षाच्या मध्यात एकटीने प्रवेश केलेली मुलगी सगळ्यांच्या नजरेत येते, आणि अभ्यासक्रम वेगळा असेल तर एखादा भाग दोनदा शिकते व दुसरा अजिबात शिकत नाही. आपण रुजू होण्याची तारीख आणि कुटुंब हलवण्याची तारीख एकच असली पाहिजे असे नाही, हे कंपनीशी बोलताना लक्षात ठेवा.

तिला विचारावे का, असा प्रश्न आपल्या मनात असेल. तिला निर्णय विचारू नये, कारण तो भार तिच्या वयाचा नाही. पण निर्णय होण्याआधी तिला सांगावे, तिला कशाची भीती वाटते ते ऐकावे, आणि ज्या गोष्टी खरोखर तिच्या हातात देता येतील त्या द्याव्यात. दोन शाळांमधून एक निवडणे, आपली खोली ठरवणे, सुट्टीत मैत्रिणींकडे राहायला येण्याचे दिवस ठरवणे अशा गोष्टी तिच्या असाव्यात. ठरल्यावर मात्र ‘पाहू, अजून काही नक्की नाही’ असे सांगून तिला लोंबकळत ठेवू नये.

दूरचा_किनारा

इथे सर्वांनी काय गमावले जाईल याची यादी दिली आहे, आणि ती यादी खरीही आहे. तरी कोणीतरी दुसरी बाजू तितक्याच कळकळीने मांडली पाहिजे असे वाटते, कारण थांबण्याचा खर्च माणसाला दिसत नाही. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 1988 मध्ये प्रयोगांतून दाखवले की अनेक पर्यायांपैकी एखादा ‘सध्या आहे तसे’ या रूपात समोर आला की केवळ त्या कारणाने लोक त्याच्याकडे अधिक झुकतात. आपल्याही प्रश्नात जाण्याचे परिणाम तपशीलवार आले आहेत, पण थांबल्यास आपली पुढची पाच वर्षे कशी जातील याबद्दल एका वाक्यापलीकडे काही नाही. ज्या कामाला आपण आता पात्र आहात ते काम दुसऱ्या कोणाला करताना पाहत त्याच खुर्चीवर बसणे, हाही एक परिणाम आहे, आणि तो घरावर उमटल्याशिवाय राहत नाही.

यासाठी एक प्रश्न उलटा करून पाहा. समजा आपण सगळे कुटुंब आजच त्या शहरात राहत आहात, आपण त्या पदावर आहात, मुलगी तिथल्या शाळेत रुळलेली आहे. अशा वेळी आपल्या आजच्या कंपनीने आजच्या पगारावर आणि आजच्या पदावर इकडे बोलावले, तर आपण याल का? उत्तर सरळ ‘नाही’ असेल, तर आपल्याला अडवणारी गोष्ट बहुधा हलण्याचा त्रास एवढीच आहे, आणि तो त्रास काही काळाने संपतो. उत्तर ‘हो’ असेल तर ते कशामुळे ‘हो’ आहे ते पाहा. तीच आपली निर्णायक बाब.

स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने केलेल्या एका प्रयोगात, आयुष्यातील एखाद्या मोठ्या निर्णयाबाबत मन ठरत नसलेल्या हजारो लोकांनी नाणेफेकीचा कौल घेतला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बदल करणारे लोक 6 महिन्यांनी बदल न करणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी असल्याचे त्यांनी सांगितले. हे लोक स्वेच्छेने सहभागी झालेले होते आणि समाधान त्यांनी स्वतःच मोजले होते, त्यामुळे यावरून कोणी नाणे उडवून बिऱ्हाड हलवावे असे मी म्हणणार नाही. मात्र दोन्ही बाजू खरोखर समान वाटत असतील, तर आपला तराजू मुळातच थांबण्याच्या बाजूला थोडा कललेला असतो एवढे यातून घ्यावे.

जाण्याआधी तिथे एकदा राहून या, आणि सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. कामाच्या दिवशी, कार्यालयाच्या वेळेत, जिथे घर घ्याल असे वाटते तिथून कंपनीपर्यंत प्रवास करा. डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमान यांनी 1998 मध्ये अमेरिकेतील दोन प्रदेशांतील विद्यार्थ्यांची तुलना केली. कॅलिफोर्नियात लोक अधिक सुखी असतील असे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटत होते, कारण विचार करताना त्यांच्या डोळ्यांपुढे हवामानासारखे ठळक फरकच येत होते. प्रत्यक्षात दोन्ही गटांचे समाधान सारखेच निघाले. आपल्या बाबतीतही पद, पगार आणि शहराचे नाव हे ठळक फरक आहेत. आपले दिवस मात्र वरिष्ठाचा स्वभाव, हाताखालच्या माणसांची तयारी आणि घरी पोहोचण्याची वेळ यांनी भरलेले असतील. ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे त्यांच्याशी पुन्हा एकदा बोला, आणि हे पद रिकामे का झाले हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

निळी_शाई

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघांनी कागद लिहिले आणि आज एकमेकांना वाचून दाखवले. नवऱ्याने संध्याकाळच्या रकान्यात काहीच लिहिले नव्हते. त्यावर आम्ही पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो, आणि शाळा सोडण्याविषयी त्याला वाटते त्याहून अधिक वाईट वाटते हे त्यालाही तेव्हाच कळले. रजेसाठी तो संस्थेत चौकशी करणार आहे.

उलट्या प्रश्नाचे उत्तर देताना मी अडखळले. कमी पगारावर, खालच्या पदावर मी परत आले नसते हे निश्चित आहे. पण वडील इथे असते तर आले असते. मुलीसाठी आणि नवऱ्यासाठी मार्ग काढता येईल असे आता वाटते. वडिलांच्या बाबतीत काय करावे हे मात्र सुचत नाही. ते म्हणतात, ‘मी कुठेही राहीन.’

सहप्रवासी

तुमच्या घरात ‘माझी ना नाही’ म्हणणारी आता दोन माणसे झाली. वडिलांशी बोलताना ‘तुम्ही याल का?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ते तुमच्याकडे पाहून देतील. रोज ते कोणाला भेटतात, कुठपर्यंत एकटे चालत जातात, इथल्या कोणत्या गोष्टीशिवाय त्यांना करमणार नाही, असे विचारा. वृद्ध माणसाची स्वतंत्रता पुष्कळ वेळा परिचित रस्त्यांवर टिकून असते. नव्या ठिकाणी तेच पाय एकट्याने बाहेर पडायला कचरतात, आणि मग तब्येत चांगली असूनही माणूस घरात बसतो.

त्यांच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून दोन गोष्टी विचारा: ही प्रकृती पाहता स्थलांतराला हरकत आहे का, आणि पुढील काही वर्षांत कोणत्या उपचारांची गरज पडू शकते. त्यावरून तिथे कोणत्या सोयींचे रुग्णालय घरापासून किती वेळात गाठता आले पाहिजे हे कळेल. सर्व जुने अहवाल, औषधांची यादी आणि पूर्वीच्या उपचारांचा गोषवारा तारखांसह एकत्र करून घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांची एक भेट बिऱ्हाड हलवण्याआधीच ठरवा. कंपनीचा आरोग्यविमा आईवडिलांना लागू आहे का, आधीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षा-काळ आहे का, आणि नवा विमा सुरू होईपर्यंत जुना चालू ठेवता येतो का, हेही विचारायला हवे. विम्यात मध्ये एका महिन्याचाही खंड पडू देऊ नका.

शक्य झाल्यास तुम्ही रुजू झाल्यावर वडिलांना काही आठवडे तिथे राहायला न्या आणि मग परत आणा. पाहुणा म्हणून राहिल्यावर त्यांना स्वतःलाही खरे उत्तर देता येईल. ते उत्तर ‘नाही’ आले तर काय करायचे, हे तुम्ही भावंडांनी किंवा जवळच्या नातलगांनी मिळून आधीच बोलून ठेवले पाहिजे. तसा कोणताच मार्ग निघत नसेल, तर माझ्या मते ही संधी सोडण्यास तेवढे कारण पुरेसे आहे, आणि ते कंपनीला कळवताना संकोच करू नये.

निळी_शाई

डॉक्टरांची परवाची वेळ घेतली आहे. वडिलांशी आज दुपारी बोलले. रोज सकाळी ज्या मित्रांबरोबर ते फिरायला जातात त्यांच्याविषयीच ते बराच वेळ बोलत राहिले, आणि शेवटी स्वतःच म्हणाले की आधी काही दिवस राहून पाहू. कंपनीकडे मी तीन गोष्टी मागितल्या आहेत: रुजू होण्यासाठी अधिक अवधी, कुटुंबाचा स्थलांतर-खर्च शैक्षणिक वर्ष संपल्यावर घेण्याची मुभा, आणि विम्यात वडिलांचा समावेश. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी तोंडी मान्य केल्या आहेत. विम्याचे उत्तर आणि नवऱ्याच्या रजेचा निर्णय अजून यायचा आहे. दोन्ही अनुकूल आले तर जाण्याचे, आणि रजा नाकारली गेली तर नकार कळवण्याचे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. विमा नाकारला गेला तर वडिलांचा स्वतंत्र विमा चालू ठेवण्याचा खर्च हिशेबात धरून पुन्हा बसू.

जमाखर्च

तोंडी मान्य झालेल्या दोन्ही गोष्टी नियुक्तिपत्रात शब्दशः आल्या आहेत हे पाहिल्याशिवाय सध्याच्या कंपनीत राजीनामा देऊ नका. पत्रात जागा नाही असे त्यांनी सांगितले तर अधिकृत ईमेलवर तरी लिहून घ्या, आणि ती पाठवणाऱ्या व्यक्तीला असे मान्य करण्याचा अधिकार आहे का हे विचारून घ्या. आपला सूचना-कालावधी किती आहे आणि तो पूर्ण न केल्यास किती रक्कम भरावी लागते, तेही आजच तपासा. रुजू होण्याची नवी तारीख त्यानंतरची असली पाहिजे.